बुधवारची कवळी

मामा गेला तेव्हा त्याच्या मागे दोन खोल्या राहिल्या आणि तोंडं राहिली. खोल्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर, वरच्या मजल्यावर. पुढची कामाची, मागची राहायची. तोंडं मात्र भिंतभर. मामा कवळ्या करायचा. खालचे डॉक्टर लोकांचे दात काढायचे आणि वर मामा नवे करून द्यायचा, असा त्या इमारतीचा सरळ कारभार होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाचा प्लास्टरचा ठसा मामा जपून ठेवी. वयाबरोबर हिरड्या झिजतात, कवळी सैल होते, माणूस परत येतो; मग जुना ठसा शेजारी ठेवला की काय बदललं ते कळतं. एवढाच त्यामागचा विचार. पण फळीवर फळी आणि प्रत्येक फळीवर पांढरी, बोळकी, बोलता बोलता थांबल्यासारखी तोंडं बघून नवख्या माणसाच्या पोटात गोळा यायचा.

ठमीच्या पोटात कधी आला नव्हता. ती या तोंडांसमोरच लहानाची मोठी झाली होती. ठमी म्हणजे मामाची भाची, त्याच्या एकुलत्या बहिणीची एकुलती मुलगी. पन्नाशीला टेकलेली बाई, शाळेच्या कचेरीत टंकलेखन करणारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तरी नाव ठमीच. 'तुझी आई तुला अशी हाक मारायची,' असं मामा सांगे, आणि आईचं दुसरं काही हाताशी नसल्यामुळे ठमीने ते नाव कुणाला बदलू दिलं नव्हतं.

आई तिच्या सातव्या वर्षी घरातून निघून गेली. भांडण झालं होतं एवढं ठमीला आठवत होतं. कशावरून, ते नाही. मग केव्हातरी वडिलांनी सांगितलं की ती परगावी तापाने गेली. आईचा फोटो भिंतीवर चढला, लोक येऊन बसून गेले, आणि विषय मिटला. लहान मुलांना एकदा सांगितलं की ती मानतात. ठमीने पुढेही ते मानलं, कारण न मानून करायचं काय?

वकीलसाहेबांनी मात्र तो विषय पुन्हा उकरला. बिचाऱ्यांचा नाइलाज होता. "मामांना बायको नाही, मूल नाही," ते म्हणाले. "तेव्हा वारस त्यांची बहीण. बहीण हयात नसेल तर बहिणीची मुलगी, म्हणजे तुम्ही. आता बहीण हयात नाही याचा कागद द्या, की झालं."

"कागद नाहीये."

"मृत्यूचा दाखला नाही?"

"वडिलांनी कधी दाखवला नाही. मी कधी मागितला नाही."

वकीलसाहेबांनी असले पेच पुष्कळ पाहिले होते. त्यांनी एक प्रतिज्ञापत्र करून दिलं. माझी आई मृत असून तिच्या मागे मी एकटीच आहे, असं ठमीने शपथेवर लिहून द्यायचं. खाली सही. "बुधवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या. मग मी महिनाभर बाहेरगावी आहे."

सही करायला ठमी किती आतुर होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवरा गेल्यापासून ती दीर-जावेच्या घरात राहत होती. छळ वगैरे काही नव्हता. जाऊ दोन वेळा जेवायला वाढत होती आणि दिवसातून चार वेळा ते आठवूनही देत होती. ठमीची खाट मधल्या खोलीत होती, तिथून सगळ्यांची ये-जा, आणि त्या खोलीला दारच नव्हतं. पन्नास वर्षांच्या आयुष्यात आतून कडी लावून बसावं असं दार तिला मिळालं नव्हतं. मामाच्या खोल्यांना ते होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी आयुष्यभर गत झाल्यावर आता कुठे दोन्ही एकदम समोर आलं होतं. मामा गेल्याचं दुःख खरंच होतं, ती रडलीही होती. पण रडतानाच पडदे कोणत्या रंगाचे लावायचे हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

पहिल्या रविवारी ती एकटीच आवराआवर करायला गेली.

कामाची खोली जशीच्या तशी होती. मेणाच्या पट्ट्या, कानशी, पायाने चालवायचं घासण्याचं चाक, प्लास्टरचा डबा. टेबलावर, खिडकीजवळ, एक काचेचा वाडगा होता आणि त्यात पाण्याखाली एक कवळी, वरची आणि खालची. त्यात नवल नव्हतं. कवळी कोरडी ठेवली तर वाकते, म्हणून मामा ती पाण्यात ठेवी. कुणाची तरी राहिलेली असेल, असं म्हणून ठमी फळ्यांकडे वळली.

मामाला माणसांची नावं लक्षात राहत नसत. तोंडं राहत. म्हणून ठशांच्या तळाला तो निळ्या पेन्सिलीने आपल्या मनाचं काहीतरी लिहून ठेवी. ठमी एकेक ठसा उलटा करून वाचत बसली. 'पोस्टमन.' 'डावीकडून चावणारा.' 'मास्तरीण, घाईत.' 'हसत नाही.' 'याचा भाऊ.' ती एकटीच हसली. मग तिला आपला ठसा सापडला. शाळेत असताना जिन्यावरून पडून तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता, तेव्हा मामाने तो घेतला होता. तळाला लिहिलं होतं, 'ठमी.'

तिने तो उजेडात धरला आणि तिचं हसू थांबलं. बाकीचे ठसे पांढरे, खरखरीत. हा पिवळसर झाला होता आणि चकचकत होता. दातांच्या कडा बोथट झालेल्या. टाळूच्या मध्यभागी तिला एक हाडाचा उंचवटा होता, लहान शेंगदाण्याएवढा. काहीजणांना जन्मजात असतो तसा. विचार करताना तिची जीभ आपसूक तिथे जाई, आणि जाऊ म्हणे, "झालं, लागली गोटी चोखायला." ठशात तो उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. कुणीतरी वर्षानुवर्षं त्यावरून बोट फिरवलं होतं.

मामाने? मामा प्रेमळ होता, पण ठसे कुरवाळत बसणाऱ्यातला नव्हता. 'कामाच्या वस्तूला कामापुरता हात लावायचा,' हे त्याचं ब्रीद. ठमीने ठसा जागेवर ठेवला. खोलीत एकदम फार शांत वाटू लागलं, आणि तिला उगीचच मान वळवून दाराकडे बघावंसं वाटलं.

निघताना तिने वाडग्यातलं पाणी मोरीत ओतलं, कवळी पुसून फडक्यावर ठेवली, वाडगा पालथा घातला. दाराला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

पुढच्या रविवारी तिने कुलूप उघडलं तेव्हा वाडगा उताणा होता. त्यात काठोकाठ स्वच्छ पाणी होतं आणि पाण्यात कवळी होती. फडकं घडी करून शेजारी ठेवलेलं.

ठमीची पाचावर धारण बसली. ती उंबऱ्यातच उभी राहिली. खिडक्यांना आतून खिट्ट्या होत्या. कुलूप तिनेच आत्ता उघडलं होतं. फळ्यांवरची सगळी तोंडं तिच्याकडे बघत होती, खरं तर तोंडांना डोळे नसतात, पण तिला तसंच वाटलं. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मामाने त्यांना गप्प बसायला सांगितलंय असं. बाहेर भर दुपार होती, रस्त्यावरून सायकली जात होत्या. तरी तिने दार लोटलं नाही आणि पाठ भिंतीला लावूनच उभी राहिली.

जावेला सांगितलं तर ती म्हणाली, "मामांचा जीव अडकलाय त्यात. अर्धवट काम राहिलं ना हातून. टाकून दे ती दंतपंक्ती नदीत आणि सही कर बाई एकदाची." जावेला मधली खोली रिकामी हवी होती, त्यामुळे तिचा भुताखेतांवर झटकन विश्वास बसला.

सोमवारी कचेरी सुटल्यावर ठमी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणजे मामाच्याच वयाचे, सौम्य गृहस्थ. हात धुता धुता त्यांनी ऐकून घेतलं.

"किल्ली माझ्याकडे नाही, ताई. आणि ती कवळी माझ्या पेशंटची नाही. माझ्याकडची सगळी कामं त्यांनी आधीच पोचवली होती."

"मग कुणाची?"

"असेल त्यांची कुणी परस्पर ओळखीची. बुधवारी करत असावेत."

"बुधवारी?" ठमी म्हणाली. "बुधवारी तर प्लास्टर असायचं."

"प्लास्टर?" डॉक्टर हसले. "अहो, प्लास्टर रोजचंच. बुधवारी ते माझ्या कामाला हातच लावायचे नाहीत. इतक्या वर्षांत एका बुधवारी त्यांनी माझं काम घेतलं असेल तर शपथ. मी समजत होतो, तुम्ही येता बुधवारी."

ठमी जिना चढून वर आली.

'बुधवारी येऊ नकोस हं, ठमे. बुधवारी प्लास्टर ओतायचं असतं. सगळी धूळ, बसायला जागा नाही.' हे ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. ती शनिवारी आली, रविवारी आली, नवरा गेला तेव्हा तर रोज आली; पण बुधवारी कधी आली नाही. बुधवार म्हणजे प्लास्टर हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की परगावी गेली तरी बुधवारी तिला मामाचे पांढरे हात आठवत. आणि प्लास्टर तर तिने स्वतः शनिवारीसुद्धा कालवलं होतं मामासोबत! त्यातली विसंगती तिला एकदाही दिसली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिने फळ्या धुंडाळायला सुरुवात केली. यावेळी शोधायचं काय ते ठाऊक होतं. सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या रांगेत, पुढच्या ठशांच्या आड ते होते. तळाला लिहिलेलं, 'बुधवार.' दुसऱ्यावर, 'बुधवार.' तिसऱ्यावरही तेच. तिने ते ओळीने टेबलावर मांडले. पहिल्यात थोडे दात शिल्लक होते. नंतरच्यांत एकही नाही, आणि हिरडी प्रत्येक ठशागणिक बसत गेलेली. एक बाई टेबलावर म्हातारी होत गेली होती.

आणि प्रत्येक ठशात टाळूच्या मध्यभागी शेंगदाण्याएवढा उंचवटा होता.

ठमीची जीभ वर गेली आणि तिथेच थांबली. 'हा खडा आपल्या घराण्याचा,' मामा सांगायचा. 'आजीला होता, तुझ्या आईला होता, तुला आहे. बायकांनाच येतो मेला. दात जातात, पण खडा जात नाही.' आजीची कवळी मामानेच केली होती, पण आजीला जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. पाण्यातली कवळी नवी होती. ठमीने ती उचलली, उलटी केली. टाळूच्या बाजूला, बरोबर मध्ये, उंचवट्यासाठी खळगा घासायला घेतलेला होता. अर्धाच झाला होता. तेवढ्यात मामाला तो शेवटचा ताप आला असणार.

ती खाली बसली. 'आई' हा शब्द तिने मोठ्याने उच्चारला नाही. मनातही नाही. पण खोलीभर तोच शब्द होता.

त्यानंतर राग आला, आणि चांगला सणसणीत आला. मामाचा आधी. हा माणूस शनिवारी तिच्याशी गप्पा मारायचा, तिच्या ताटात आपल्यातलं वाढायचा, लग्नात तिच्यामागे आईच्या जागी उभा राहिला, आणि चार दिवसांनी याच खुर्चीत त्या बाईला बसवून तिच्या तोंडात बोटं घालायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाकडे? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा मरणाचा मोठा अन्याय आहे. मग त्या बाईचा राग. ती मेली म्हणून ठमीने तिला सगळं माफ केलं होतं. ती माफी फुकट गेली होती.

मंगळवारचा अख्खा दिवस प्रतिज्ञापत्र तिच्या पिशवीत होतं. ती काय जाणत होती? काहीच नाही. एक वाडगा पाहिला होता, काही ठसे पाहिले होते. कोणतं कोर्ट म्हणेल की बाई, तुझ्या टाळूला जीभ लावून तुला कळायला हवं होतं? सही करायची, कुलूप बदलायचं, संपलं. जिने तिला सोडलं तिला एका सहीने सोडायचं. यात पाप कसलं? वडिलांनी जे तोंडाने केलं तेच तिने कागदावर करायचं होतं. मधल्या खोलीत खाटेवर पडून ती हेच घोळवत राहिली, आणि दीर दोनदा तिच्या उशाशी येऊन कपाटातून काहीबाही घेऊन गेले.

बुधवारी तिने शाळेतून रजा घेतली.

ती सकाळीच येऊन मामाच्या खुर्चीत बसली. दार आतून नुसतं लोटून घेतलं होतं. समोर टेबलावर प्रतिज्ञापत्र, त्यावर पेन. शेजारी वाडगा. ती स्वतःला सांगत होती की कुणी येणार नाही, जेवणाच्या वेळेपर्यंत वाट बघू आणि सही करू. जिन्यावर पावलं वाजली की तिची मान दाराकडे वळे. पण ती खालच्या दवाखान्यात वळत.

मग एकदा पावलं वळली नाहीत. हळू, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर आली. दारापाशी थांबली. कुलूप नाही हे बघून आतबाहेर होत असावीत. दार ढकललं गेलं.

एक बारकी म्हातारी आत आली. डोक्यावरून पदर, पदराचं टोक तोंडावर धरलेलं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीच्या बंदाला अडकवलेली किल्ली. तिने खुर्चीकडे पाहिलं. भूत पाहावं तशी ती जागच्या जागी थिजली. ठमीही थिजली. दोघींपैकी भूत कोण होतं ते ठरवणं अवघड होतं.

"कोण आहात तुम्ही?" ठमीने विचारलं. उत्तर ठाऊक असून विचारलं.

म्हातारीने तोंडावरचा पदर काढला नाही. "पाणी बदलायला आले," ती म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द मऊ, विरघळल्यासारखे येत होते. "मी जाते."

"जाण्यात तुमचा हातखंडाच आहे."

ते तिच्या तोंडून निघून गेलं. म्हातारीने ते घेतलं, मान खाली घातली आणि खरंच जायला वळली.

"बस," ठमी ओरडली. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "बस तिथे. मला विचारायचंय."

म्हातारी दारालगतच्या स्टुलावर बसली. तिथे बसायची तिची सवय दिसत होती. न बघता तिने पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीवर ठेवले.

"मामा गेल्यापासून तूच येत होतीस? कवळी घेऊन का नाही गेलीस मग?"

"बसत नाही. खड्याला टोचते. दर वेळी लावून बघते नि परत ठेवते." मग थोडं थांबून, "आणि घेऊन गेले असते तर पुढच्या बुधवारी कशाला आले असते?"

ठमीने पुष्कळ प्रश्न जमवून ठेवले होते. त्यातला एकच बाहेर आला. "कुठे होतीस?"

"इथेच. गावाच्या त्या टोकाला. लाँड्रीत इस्त्री करायची, मागेच खोली." आई सावकाश बोलत होती. "दोन वर्षांनी परत आले होते, ठमे. तुझ्या वडिलांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, आमच्याकडची मेली. आणि मग सगळ्यांना तेच सांगून बसले. मी जिन्यात उभी होते. तू आत पाढे म्हणत होतीस."

"मग मामाला कशाला गप्प बसवलंस?"

"पळून गेलेल्या बाईची मुलगी कुणी केली असती? मेलेल्या बाईची करतात. तुझं लग्न होईपर्यंत म्हटलं होतं. ते झालं. मग म्हटलं, मूलबाळ होईपर्यंत. मग तुझा नवरा गेला, तेव्हा कुठल्या तोंडाने यायचं? उशीर झाला की माणूस आणखी उशीर करतो." तिने पदराने डोळे पुसले. "तो सगळं सांगायचा तुझं. शनिवारी तू काय म्हणालीस, काय नेसलीस. मी ऐकायची. तो काम करायचा, आणि मी ते घेऊन बसायची."

ते म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. म्हातारीची नजर फळीवर गेली होती, पिवळ्या पडलेल्या ठशावर.

ठमीला वाटलं होतं की ही बाई समोर आली तर ती तिला घालून पाडून बोलेल. शब्द तयार होते. आता तिच्या डोळ्यांसमोर हीच खोली आली, असंख्य बुधवार, आणि स्टुलावर बसून एक बाई आपल्या मुलीच्या तोंडातून बोट फिरवतेय, प्लास्टरच्या, थंड. राग गेला नाही. पण त्याला उभं राहायला जागा उरली नाही.

आईला टेबलावरचा कागद दिसला होता. "खोल्यांचा आहे ना? डॉक्टरांचा झाडूवाला सांगत होता." ती उठली, जवळ आली, पण वाचायला चष्मा नव्हता. "काय लिहिलंय?"

"तू मेलीस म्हणून लिहिलंय."

आईने मान हलवली. "मग कर की सही. बरोबरच आहे ते. मी येत नाही पुन्हा. किल्ली घे ही." ती पिशवीच्या बंदाची गाठ सोडू लागली. बोटांना जमेना. "तुला दार हवंय स्वतःचं. तो सांगायचा."

ठमी त्या बोटांकडे बघत होती. नखं झिजलेली, इस्त्रीचे जुने डाग. तिने पेन उचललं. आईने गाठ सोडवणं थांबवलं नाही, उलट घाई केली.

ठमीने पेनाला टोपण लावलं.

"एकदा मेलीस ती बाबांच्या शब्दाने," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा माझ्या सहीने मरायचं नाही. मी तुला माफबिफ केलेलं नाही, आधीच सांगते. पण खोटं मी लिहिणार नाही. खोल्या तुझ्या नावावर होतील. मग तू मला इथे ठेव नाहीतर हाकल. तो तुझा प्रश्न."

आईने गाठीवरची बोटं काढून घेतली.

ठमीने वाडग्यातून वरची कवळी काढली, पुसली, चाकाजवळ बसली. हे काम तिने मामाच्या शेजारी बसून पुष्कळदा पाहिलं होतं आणि फावल्या वेळी केलंही होतं. पण खळगा किती खोल हवा, कुठे हवा, ते ठशावरून नीट कळेना. ठसा ठसा असतो. "इकडे ये," ती म्हणाली. "खिडकीत बस. पदर काढ. आ कर."

आईने पदर खाली सोडला. लाजत, लहान मुलासारखं, तोंड उघडलं. ठमीने हात धुतले आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. तोंड ऊबदार होतं. खडा तिच्या बोटाला लगेच सापडला. आयुष्यभर जिभेला माहीत असलेला, तोच, तिथेच, एका बाजूला जरा तिरका. आईने डोळे मिटून घेतले आणि मिटल्या पापण्यांतून पाणी गालांवर येऊन ठमीच्या मनगटापर्यंत आलं.

तेवढ्यात फोन वाजला. ठमीने डाव्या हाताने तो कानाला लावला. वकीलसाहेब होते.

"झाली का सही, ताई? मी संध्याकाळी निघतोय."

"सही नाही होणार, साहेब. वारस हजर झालीय."

"कोण वारस?"

"माझी आई. तुम्हाला बोलायला दिली असती, पण सध्या तिच्या तोंडात माझं बोट आहे."

मग वकीलसाहेब म्हणाले की परत आल्यावर नवे कागद करू, आणि फोन ठेवला.

ठमीने चाक फिरवलं. गुलाबी भुकटी उडाली आणि सही न झालेल्या कागदावर बसली. तिने कवळी धुतली, आईच्या टाळूला बसवली, अंगठ्याने दाबली.

"टोचतंय?"

आईने तोंड मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. "थोडं."

"आज एवढंच. जास्त घासलं तर सैल होईल. उद्या पुन्हा बघू."

"उद्या?" आई गोंधळली. "उद्या गुरुवार."

"असू दे गुरुवार," ठमी म्हणाली, आणि वाडग्यात ताजं पाणी भरायला उठली.